पंपघरामागची बारा पावलं

नर्सबाई पहिल्यांदा घरी आल्या, त्या सकाळी त्याने भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. अडुसष्ट पायऱ्या चढून आलेल्या बाईंना धाप लागली होती, तरी बोलणं थांबत नव्हतं. आईने दिलेलं पाणी गटागटा पिऊन त्यांनी खुर्ची पलंगाशी ओढली.

"झोपलेल्या माणसाचे खांदे असे ताठ नसतात," त्या म्हणाल्या. "सोळा वर्षं नर्स होते मी. असली सोंगं ढिगाने पाहिलीत."

तो हलला नाही. मग टक टक असा आवाज आला, कुणी लाकडी पेटीवर बोटं वाजवावीत तसा.

"हा माझा डावा पाय. प्लास्टिकचा. गुडघ्याखाली सगळा नवा माल आहे. एवढा चौथ्या मजल्यावर वाहून आणलाय, बघा तरी."

त्याने मान वळवली. बाईंनी विजार गुडघ्यापर्यंत वर सारली होती आणि त्या नडगीवर बोटं वाजवत मजेत बसल्या होत्या. दारात उभी असलेली आई तोंडाला पदर लावून हसली. आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच हसली होती.

तो सुरुंग काढणाऱ्या पथकात सहा वर्षं होता. लढाई संपून कितीतरी काळ लोटला, तरी शेतांत आणि रस्त्यांच्या कडेला सुरुंग तसेच राहिले होते, आणि विमानांनी टाकलेल्या क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेले, न फुटलेले लिंबाएवढे गोळेही. धातू शोधणारं यंत्र जमिनीलगत फिरवायचं, ते वाजलं की पोटावर पालथं पडून माती बोटांनी बाजूला करायची, असं ते काम. पथकातले सगळे त्याला गोगलगाय म्हणत. बाकीचे जेवणाआधी जेवढी जमीन उरकत, तेवढी उरकायला त्याला संध्याकाळ व्हायची. आठ महिन्यांपूर्वी डोंगरातल्या एका रस्त्यावर त्याचा उजवा पाय अर्ध्या मांडीपासून गेला आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. इस्पितळातून त्याला स्ट्रेचरवर चौथ्या मजल्यावर आणलं, तेव्हापासून तो खाली उतरला नव्हता.

खोलीला एकच खिडकी होती. ती उघडली की समोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून गेलेले सांडपाण्याचे पाइप. पाणी कोणत्या मजल्यावरून उतरतंय हे आता त्याला आवाजावरून कळायचं. बाहेरच्या खोलीत आई शर्टांना काजं करत बसायची. कपड्यांच्या कारखान्यातून गठ्ठे आणायचे, काजं-बटणं करून परत पोचवायचे, हा तिचा उद्योग. दिवसभर कात्रीचा बारीक आवाज यायचा.

सुरुंगात हातपाय गमावलेल्यांसाठी शहरात एक केंद्र होतं. तिथे पाय बनवत, चालायला शिकवत आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे माणूस पाठवत. पाठवायचा माणूसही शक्यतो त्याच दुखण्यातून गेलेला निवडत. नर्सबाई त्यांतल्या.

त्या दर गुरुवारी येऊ लागल्या. दिवसातून तीनदा पालथं पडून राहायला त्यांनी लावलं, नाहीतर कंबरेशी सांधा आखडतो आणि मग कुठलाच पाय बसत नाही. उरलेल्या मांडीला पट्टी कशी गुंडाळायची ते शिकवलं. खरखरीत टॉवेलने ती मांडी घासायला लावली. नसलेल्या पायाची बोटं रात्रंदिवस मुरगळल्यासारखी दुखायची. त्यावर त्यांनी लांब आरसा आणला, तो दोन्ही मांड्यांच्या मधे उभा धरला आणि म्हणाल्या, "आता डाव्या पायाची बोटं हलवा आणि आरशात बघा." आरशात उजवा पाय दिसला, शाबूत. त्याने बोटं मोकळी केली. कळ थोडी उतरली. तो रडला, आणि बाई खिडकीबाहेरचे पाइप बघत बसल्या, त्याचं आवरेपर्यंत.

तिसऱ्या गुरुवारी आईने विचारलं, "बाई, तुमचं कसं झालं हो?"

"माझं? अहो, माझं तर हसण्यासारखं आहे." बाई आरसा पुसत होत्या. "पलीकडच्या वस्तीत एक बाई अडली होती. सांगावा आला, मी पिशवी घेतली आणि निघाले. रस्त्याने गेलं तर पाऊण तास, कालव्याकाठच्या शेतातून गेलं तर दहा मिनिटं. शेत साफ झालेलं. पांढरे दगड लावलेले, सही-शिक्क्याचा कागद गावाला दिलेला, फोटोसुद्धा काढलेले. म्हटलं, चला. पंपघराच्या मागून वळले आणि उडाले. मी इकडे बोंबलतेय आणि तिकडे ते बाळ माझ्यावाचून आपलं आपण जन्माला आलं, साडेतीन किलोचं. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्याशिवाय गावात पान हलत नाही."

आई हळहळली. "साफ केलेल्या शेतात कसं काय राहिलं हो?"

"चौकशी झाली. कालव्याला पूर आला होता, त्यात एखादा गोळा वरून वाहत आला म्हणे. कुणाचा दोष नाही." बाईंनी आरसा भिंतीला टेकवला. "चला दादा, पालथे व्हा."

तो पालथा झाला. उशीत तोंड खुपसता आलं, एवढं बरं झालं.

ते शेत त्याचं होतं. म्हणजे त्याने तपासलेलं, त्याने सही केलेलं. पंपघर पडकं होतं आणि त्याच्या मागे कालव्यापर्यंत बारा पावलं रुंदीची लव्हाळ्याची पट्टी होती. शुक्रवारची संध्याकाळ होती. शनिवारी शेत गावाच्या ताब्यात द्यायचं होतं. बाकीचे सगळे आपापला भाग आटोपून ट्रकमध्ये जाऊन बसले होते आणि तिथून ओरडत होते, "गोगलगाय, ये की रे! का तंबू ठोकू तुझ्यासाठी?" हसत होते. लव्हाळं कापून, यंत्र जमिनीला लावून, ती पट्टी दोनदा तपासायची होती. त्याने लव्हाळं कापलं नाही. वरूनच यंत्र फिरवलं, एकदाच, चालता चालता. पांढरे दगड मांडले आणि ट्रककडे गेला. सहा वर्षांत तेवढं एकदाच त्याने घाई केली.

पुढे कालव्याकाठी कुणी बाई जखमी झाल्याचं कानावर आलं, तेव्हा तो दुसऱ्या जिल्ह्यात होता. मग पुराचं ठरलं. पथकाच्या साहेबांनी जागेभोवती नुसतं वरवर पाहून कागद बंद केला. त्याला कुणी काही विचारलं नाही आणि त्यानेही तोंड उघडलं नाही.

आता ती बाई दर गुरुवारी त्याच्या पलंगाशी बसत होती.

त्याने त्यांना टाळायचा प्रयत्न केला. केंद्रात फोन करून म्हणाला, मला कुणी नको, पाठवू नका. पुढच्याच गुरुवारी बाई हजर. "असं सगळेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "मी तर माझ्याकडे आलेल्या माणसाला चप्पल फेकून मारली होती. उरलेली एकच चप्पल, तीही वाया." तो गप्प राहू लागला. बाईंना वाटलं, मन खचलंय. त्या जास्त वेळ बसू लागल्या. त्यांनी साचा घेणारा कारागीर घरी आणला. त्याने मांडीवर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या, तेव्हा बाई त्याचा हात धरून बसल्या. तीन बोटांचा हात. त्याला तो सोडवून घेता येईना.

रात्री जेवताना आई म्हणायची, "देवमाणूस आहे रे बाई. माझा मुलगा परत मिळवून दिला तिने." त्याचा घास तोंडात फिरायचा. सांगावं, तर आईच्या चेहऱ्यावर आलेलं हसू जाणार. सांगू नये, तर पुढचा गुरुवार येणार. पायऱ्यांवर एक मऊ आणि एक टणक पाऊल ऐकू यायला लागलं, की तो भिंतीकडे तोंड करायचा. खोलीला दुसरं दार नव्हतं, आणि असतं तरी तो जाणार कुठे होता?

अशा एका गुरुवारी बाई फार खुशीत आल्या.

"एक गंमत सांगू? आमच्या गावचं पंपघर पुन्हा सुरू होणार. सोमवारपासून खोदाई. मागचं सगळं लव्हाळं उपटून पाइप टाकणार आहेत. तीस-पस्तीस माणसं कामाला लागतील. माझा धाकटा दीर पण आहे."

आई बाहेर कात्री चालवत होती.

"थांबवा," तो म्हणाला.

"काय?"

"सिस्टर, ते काम थांबवा. ती पट्टी तपासलेली नाही."

"दादा, ते शेत साफ—"

"मी केलं ते. सही माझी आहे. पंपघरामागची बारा पावलं मी तपासली नाहीत. वरवर यंत्र फिरवलं आणि दगड मांडले. पूरबीर काही नाही. तो गोळा तिथेच होता, आणि अजून असतील. एक पडतो तिथे पुष्कळ पडलेले असतात."

बाई बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "का?"

"सगळे ट्रकमध्ये बसले होते. हाका मारत होते."

"हाका मारत होते," बाई म्हणाल्या. त्यांनी पट्ट्यांची गुंडाळी पिशवीत टाकली, टॉवेलची घडी घातली, घडी मोडली, पुन्हा घातली. उठताना तोल गेला तेव्हा त्याने हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही. बाहेर आई म्हणाली, "अहो, लगेच निघालात?" मऊ आणि टणक पावलं खाली उतरत गेली आणि दुसऱ्या मजल्यावर कितीतरी वेळ थांबली. मग पुन्हा उतरू लागली.

शुक्रवारी सकाळी बाईंचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"मी गावात सांगितलं. ठेकेदार म्हणतो, आमच्याकडे साफ असल्याचा कागद आहे, उगाच अफवा पसरवू नका. तुमच्या पथकाच्या कचेरीत गेले, ते म्हणतात पुराचं कारण लागलेलं आहे. तो कागद तुमच्या सहीचा आहे. मोडायलाही तुमचीच सही लागेल." फोन बंद झाला.

त्याने जुन्या साहेबांना फोन लावला. साहेब आधी गोड बोलले. "तू आजारी आहेस. अशा वेळी डोक्यात काहीबाही येतं, आराम कर." त्याने पुन्हा सगळं सांगितलं. साहेबांचा आवाज बदलला. "फोनवरचं बोलणं मला धरता येत नाही. लेखी जबाब दे, स्वतः येऊन, साक्षीदारासमोर."

"मला उतरता येत नाही, साहेब. माणूस पाठवा."

"बघू. सोमवारनंतर."

"सोमवारी खोदाई आहे!"

"मग आज पाचच्या आत ये," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. येणार नाही याची त्यांना खात्रीच होती.

आईने अर्धं ऐकलं होतं. बाकीचं त्याने सांगितलं. सांगून होईपर्यंत ती सुई हातात धरून उभी होती. मग पुढे येऊन तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. हाताला नव्या कापडाचा वास होता.

"गप. एक शब्द बोलू नकोस कुणाकडे. तुला तुरुंगात घालतील. या अशा अवस्थेत! बाईंना मी बघते, पाया पडेन त्यांच्या."

"आई, तीस माणसं आहेत तिथे."

"माझा एकच आहे."

तिने गठ्ठा काखेला मारला, कुबड्या उचलून बाहेरच्या खोलीत नेल्या आणि घराबाहेर पडली. बाहेरून कडी लागली, मग कुलपाचा खटका.

तो पलंगावरून खाली घसरला. इतक्या महिन्यांत आपण होऊन पहिल्यांदाच जमिनीवर आला. कोपरांवर आणि एका गुडघ्यावर सरकत, काजांचे बारीक दोरे अंगाला चिकटवून घेत, तो बाहेरच्या दारापर्यंत पोचला. दार ठोकलं. हाका मारल्या. त्या मजल्यावर दुपारी कुणी नसायचं. घड्याळात सव्वा दोन झाले होते. दाराला पाठ टेकून तो बसला. शेत डोळ्यांपुढे येत होतं. लव्हाळं मुळासकट ओढणारा हात, निघालेला मातीचा गड्डा, आणि त्यात काहीतरी गोल. ओढणाऱ्याला वाटेल, दगड असेल.

तीन वाजता कुलूप निघालं. दार ढकललं गेलं आणि त्याच्या पाठीला अडलं. आतल्या बाजूला तो, बाहेर जिन्यावर आई, मधे चार बोटांची फट.

"सरक," आई म्हणाली.

"आधी ऐक. मी त्या डोंगरात पडलो होतो ना, तेव्हा आधी काय मनात आलं सांगू? दुखणं नंतर सुरू झालं. आधी वाटलं, इथं कुणी तपासलं होतं? कुणाची सही आहे? मला त्याचं तोंड बघायचं होतं, आई. आणि मग आठवलं, की तसलीच एक सही माझी आहे."

त्याने डोकं दाराला टेकवलं.

"बाईंनी तो टॉवेल दिला ना मला, त्यांच्या घरचा आहे. मला रोज त्यानेच मांडी घासायची. किती दिवस घासू?"

आई बाहेर पायरीवर बसली असावी, कारण तिचा आवाज खालून आला. "मी कारखान्यात नुसती बसून होते. गठ्ठा द्यायचाच विसरले. सगळ्या बायका विचारत होत्या, मुलगा कसा आहे. मी म्हटलं, बरा आहे, आता चालेल." मग तिने विचारलं, "तिचा दीर पण आहे ना त्यात?"

"हो."

"सरक मग. दार उघडू दे."

जिना तो बसून उतरला. दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकायचे, शरीर खाली सोडायचं, पाय पुढे. आई कुबड्या घेऊन एकेक पायरी मागून. एका मजल्यालाच वीस मिनिटं गेली आणि तळहात सोलवटले. दुसऱ्या मजल्यावरचा रंगारी आवाज ऐकून बाहेर आला, अंगभर चुन्याचे ठिपके. "या," म्हणून पाठ करून खाली बसला, आणि उरलेले दोन मजले त्याला पाठंगुळी घेऊन उतरला.

"शिडीवरून डबे उतरवतो मी दोन-दोन," तो म्हणाला. "तुम्ही काय, अर्धा डबा."

रस्त्यावरच्या उजेडाने त्याचे डोळे मिटले. टॅक्सी मिळाली. पावणेपाचला तो कचेरीच्या दारात कुबड्यांवर उभा होता. साहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. त्याने जबाब स्वतःच्या हाताने लिहिला: किती वाजता, किती पावलं, यंत्र कसं फिरवलं, दगड कुठे मांडले. साक्षीदार म्हणून कारकुनाने सही केली. कारकुनाने आधी साहेबांकडे पाहिलं होतं, मग त्याच्या रिकाम्या विजारीकडे, आणि मग पेन उचललं होतं.

सोमवारी खोदाई झाली नाही. दुसऱ्या पथकाने लव्हाळं कापून बावीस दिवस ती पट्टी तपासली. चार गोळे निघाले. एक पंपघराच्या भिंतीपासून दोन हातांवर होता, पाइपच्या आखलेल्या रेषेत.

तुरुंग झाला नाही. चौकशी पुन्हा उघडली, साहेबांची बदली झाली, त्याचा परवाना कायमचा रद्द झाला. त्याने तपासलेली सगळी शेतं पुन्हा तपासायचं ठरलं. पथकातल्या जुन्या मित्रांनी फोन करणं सोडलं, कारण ते काम त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. गुरुवारी आता केंद्रातून एक म्हातारे गृहस्थ यायचे, हात नसलेले, अबोल. आरसा पायांनी धरायचे. आई पुन्हा हसताना दिसली नाही, पण खालच्या मजल्यापर्यंत रोज त्याच्यासोबत उतरायची.

चार महिन्यांनी पाय तयार झाला. केंद्राच्या लांब खोलीत दोन समांतर दांड्यांच्या मधे त्याला उभं केलं. शिकवणारा समोर उभा राहून आकडे मोजत होता. सहाव्या पावलाला त्याला दिसलं, की दांड्यांच्या टोकाशी नर्सबाई उभ्या आहेत.

शिकवणाऱ्याने ओळखलं असावं. तो बाजूला झाला.

"टाचेवर वजन येत नाही तुमचं," बाई म्हणाल्या. "म्हणून गुडघा मोडतोय."

त्याने टाच टेकवली.

"माझा दीर जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "तो म्हणतो, जाऊन भेट त्यांना. मी चार महिने आले नाही. आजही तो म्हणाला म्हणून आलेले नाही. मला एक विचारायचं आहे. अशी अजून कुठली जागा आहे?"

"नाही. ती एकच."

"खरं सांगताय?"

"खरं."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, तपासून बघावं तशा. "मला विश्वास ठेवता येत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि न ठेवून चालतही नाही. माझी सगळी माणसं त्या भागातल्या शेतांतून ये-जा करतात. पुन्हा तपासणी होईपर्यंत दोन वर्षं जातील. तोवर रोज सकाळी मी तुमच्या शब्दावर त्यांना घराबाहेर सोडणार. एवढं लक्षात ठेवा."

"ठेवतो."

पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारली. एक बाई पहिल्यांदाच पाय बसवायला आली होती आणि घाबरून रडत होती. नर्सबाई तिच्याकडे गेल्या, विजार गुडघ्यापर्यंत वर सारली आणि नडगीवर बोटं वाजवत बोलायला लागल्या.

"वळा," शिकवणारा म्हणाला.

दांड्यांमधलं अंतर खांद्यांएवढंच होतं. नवा पाय कुठून फिरवायचा ते त्याला कळेना. त्याने टाच टेकवली, वजन टाकलं, आणि इंच इंच करत वळायला सुरुवात केली.